स्थानबद्धाचे हस्तलिखित आणि जबलपूरचा निर्णय

न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे दोघेही मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते आणि दोघेही लेखक होते. तेलंगांचा भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद आणि मराठी सत्तेच्या उदयावरील रानड्यांचा ग्रंथ यांची नोंद आपले वाङ्मयेतिहासकार आदराने घेतात. न्यायासनावर बसून या दोघांनी जे लिहिले ते मात्र वकिलांच्या कपाटात राहिले. हे तसे पाहता विचित्रच आहे. न्यायनिर्णय हे अखेर गद्य आहे, आणि तेही फार अवघड प्रकारचे. कादंबरीकाराला कारणे द्यावी लागत नाहीत. न्यायाधीशाला द्यावी लागतात. ज्याच्या विरुद्ध निकाल गेला त्यालाही आपला पराभव का झाला हे कळावे अशा रीतीने लिहिणे हे त्याचे काम असते. या कामात भाषा कोठे साथ देते, कोठे फसविते, आणि विचार थकला की अलंकार कसा पुढे येतो, हे पाहणे समीक्षकाच्या अधिकारातले आहे असे आम्ही समजतो. कायद्याची पदवी आमच्यापाशी नाही. शासनाच्या सेवेत नियम वाचण्यात आणि वाचून दाखविण्यात मात्र आयुष्य गेले, तेवढ्या भांडवलावर हे लिहीत आहोत.

आणीबाणी म्हटले की मराठी साहित्यिकांना १९७५ चे कऱ्हाडचे संमेलन आणि अध्यक्षपदावरून बोलणाऱ्या दुर्गाबाई भागवत आठवतात. ते योग्यच आहे. परंतु त्याच काळात दिल्लीत पाच न्यायाधीशांनी जे गद्य लिहिले, त्यावर आपल्या मासिकांतून चर्चा झाल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. त्या गद्याकडे जाण्यापूर्वी दहा-अकरा वर्षे मागे जाऊन एक लहानसा निर्णय पाहणे आवश्यक आहे. तो एका मराठी पुस्तकासंबंधी आहे, आणि केवळ त्यासाठीसुद्धा तो आपल्या वाचकांना ठाऊक असावयास हवा होता.

१९६२ च्या नोव्हेंबरात, चीनशी युद्ध चालू असताना, मुंबईत प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध करण्यात आले. तुरुंगात असताना त्यांनी शासनाच्याच परवानगीने एक मराठी पुस्तक लिहिले. विषय अणुविज्ञान. न्यायालयाच्या अहवालात पुस्तकाचे नाव रोमन लिपीत जसे छापले आहे, ते वाचताना मराठी व्याकरणाचा बळी गेलेला दिसतो. मूळ शीर्षक 'अणूच्या अंतरंगात' असेच असणार. लिहिण्यास परवानगी देणाऱ्या शासनाने लिहून झालेले हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्यास मात्र नकार दिला. संझगिरींचा अर्ज १९६३ च्या सप्टेंबरातला, नकार १९६४ च्या मार्चमधला. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथील न्यायाधीशांनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली, पुस्तक निव्वळ शास्त्रीय आहे आणि देशाच्या संरक्षणास त्यापासून काही बाध येत नाही असा निर्वाळा दिला, आणि हस्तलिखित लेखकाच्या पत्नीकडे पाठवू द्यावे असा आदेश केला. राज्यशासन या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. अणूवरील एका मराठी पुस्तकासाठी एवढी धाव घेण्याचे कारण काय, असे आज कोणालाही वाटेल. कारण पुस्तक नव्हते, तत्त्व होते.

शासनाचा युक्तिवाद असा : स्थानबद्धाच्या स्वातंत्र्यासंबंधी नियम केलेले आहेत, त्या नियमांत त्याला ज्या सवलती दिल्या आहेत तेवढ्याच त्याच्या, पुस्तक लिहून प्रसिद्ध करण्याची सवलत त्यांत नाही, सबब तो हक्क त्याला नाही. हा युक्तिवाद आम्हांस इतका ओळखीचा आहे की तो वाचताना कोणी आपल्याच टेबलावरील फाइल उघडून दाखवीत आहे असे वाटावे. 'नियमों में ऐसा प्रावधान नहीं है' हे वाक्य मध्य प्रदेशातील कोणत्याही कचेरीत दिवसातून किती वेळा लिहिले जाते याची गणना नाही. त्या वाक्यात एक गृहीत दडलेले असते : ज्याची तरतूद नाही त्याला मनाई आहे. पाण्याच्या नळापासून पेन्शनपर्यंत सर्व गोष्टी शासनाने दिल्यावरच नागरिकाच्या होतात, अशी समजूत त्या मागे असते, आणि लिहिणाऱ्याला तिची जाणीवही नसते.

न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी ६ सप्टेंबर १९६५ रोजी दिलेल्या निर्णयात हे गृहीतच उलटे केले. नियम हे सवलतींची यादी नसून निर्बंधांची यादी आहेत. जे काढून घेतले आहे ते गेले. जे काढून घेतलेले नाही ते माणसाजवळ राहिले. लिहिण्यावर वा लिहिलेले बाहेर पाठविण्यावर निर्बंध घातलेला नाही, तेव्हा नकार देणे म्हणजे कायद्याचा आधार नसताना त्याच्या स्वातंत्र्यावर हात टाकणे होय. आणि मग त्यांनी एक दाखला दिला. शासनाचे म्हणणे मान्य केले तर, नियमांत अन्न देण्याची तरतूद नसल्यास स्थानबद्धाला उपाशी मारताही येईल. एवढे एकच वाक्य. सुब्बा राव तेथे रेंगाळत नाहीत, हळहळत नाहीत, उपमा देत नाहीत. प्रतिपक्षाचा युक्तिवाद शेवटापर्यंत चालवीत नेला तर तो कोठे पोहोचतो, एवढे दाखवून ते पुढच्या मुद्द्याकडे वळतात. निर्णय अगदी लहान आहे, आणि त्यातील उपासमारीचा हा दाखला वाचकांनी ध्यानात ठेवावा अशी विनंती आहे. तो पुन्हा भेटणार आहे.

या निर्णयाला आधार होता तो त्या आधीच्या १९६३ च्या मखनसिंग खटल्याचा. तो निर्णय लिहिला साताऱ्याच्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशाने काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद होतो हे त्यांनी मान्य केले. परंतु ज्या कायद्याखाली अटक केली तो कायदाच पाळला गेला नाही, अथवा अधिकार दुष्ट हेतूने वापरला, अशी तक्रार असेल तर दार बंद होत नाही, असेही सांगितले. गजेंद्रगडकरांचे गद्य हे पंडिताचे गद्य आहे. दोन्ही बाजू तोलून, पायरीपायरीने. त्यात उष्णता नाही, पण कोठे पाय घसरतही नाही.

आता जबलपूर. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला : घटनेच्या १४, २१ व २२ या अनुच्छेदांच्या अंमलबजावणीसाठी कोणासही न्यायालयात जाता येणार नाही. १९६२ च्या आदेशात एक अट होती. हक्कापासून वंचित करण्याची कृती भारत संरक्षण कायद्याखाली झालेली असावी अशी. १९७५ च्या आदेशातून ती अट गळली. त्यातच अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे मिसा, पुनःपुन्हा दुरुस्त करून स्थानबद्धाला अटकेची कारणेही सांगावयास नकोत अशी तजवीज झाली. हजारो माणसे तुरुंगात गेली. विजयाराजे शिंदे, वाजपेयी, अडवाणी, मधू दंडवते; आमच्या राज्यात नरसिंहगडच्या तुरुंगात मधू लिमये, ज्यांनी गोव्याच्या मुक्तिलढ्यात पोर्तुगीजांचाही तुरुंग पाहिला होता. ही नावाजलेली नावे. ज्यांची नावे वृत्तपत्रांत येण्याचा संभव नव्हता अशांची संख्या कितीतरी अधिक होती.

नऊ उच्च न्यायालयांनी, त्यांत जबलपूरचे आमचे उच्च न्यायालयही आले, असे ठरविले की स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतील. त्यांविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सर्व प्रकरणे एकत्र होऊन त्यांना नाव पडले ते पहिल्या अपिलाचे : अपर जिल्हादंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. भारताच्या न्यायेतिहासातील मोठे खटले माणसांच्या नावाने ओळखले जातात. गोपालन, केशवानंद भारती, मनेका गांधी. येथे मात्र माणसाचे नाव मागे पडून पदाचे नाव पुढे राहिले, आणि वकीलमंडळीही 'एडीएम जबलपूर' एवढेच म्हणतात. शुक्ल लोप पावले. जिल्हास्तरावरील अधिकाऱ्याचे 'समाधान' झाले की स्थानबद्धतेचा आदेश निघत असे. आमच्या जुन्या सहकाऱ्यांना 'समाधान' या शब्दाचा तो कायदेशीर अर्थ फार चांगला ठाऊक होता. समाधान कशाने झाले हे सांगण्याची गरज नव्हती, केवळ झाले हे लिहावयाचे होते.

येथे एक भाषिक विषयांतर करतो. ज्या अर्जासाठी हा सारा झगडा झाला त्याला हिंदी संविधानात 'बंदी प्रत्यक्षीकरण' म्हणतात, मराठी संविधानात 'देहोपस्थिती'. हिंदी शब्दात बंदी दिसतो. मराठी शब्दात देह दिसतो. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आमच्यासारख्यांना हा फरक जाणवतो. लॅटिनमधील मूळ संज्ञेतही देहच आहे, तेव्हा मराठी अनुवादकांनी शब्द इमानाने निवडला असे म्हटले पाहिजे.

निकाल २८ एप्रिल १९७६ रोजी लागला. सरन्यायाधीश अजितनाथ राय, न्यायमूर्ती बेग, न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड आणि न्यायमूर्ती भगवती एका बाजूस. न्यायमूर्ती हंसराज खन्ना दुसऱ्या. बहुमताने ठरविले की राष्ट्रपतींचा आदेश जारी असेपर्यंत अटक कायद्याला धरून नाही किंवा ती दुष्ट हेतूने केली आहे असे म्हणूनही कोणाला उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही. मखनसिंग खटल्यातील दार त्या गळलेल्या अटीच्या आधारे लावून घेण्यात आले. कायद्याचा हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. आदेशाचे शब्द खरोखर बदलले होते. परंतु चारही निर्णय वाचताना एक गोष्ट लक्षात येते. शब्दार्थाची चर्चा चालू आहे तोवर गद्य सावध आणि कोरडे आहे. युक्तिवादाच्या शेवटी काय येते हे पाहण्याची वेळ आली की चौघेही अलंकाराकडे वळतात.

ती वेळ कशी आली? सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना एक साधा प्रश्न विचारला. एकविसाव्या अनुच्छेदात स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. उद्या एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर त्यावरही उपाय नाही काय? डे यांनी उत्तर दिले की आणीबाणी आहे तोवर नाही. आपल्याला हे ऐकून धक्का बसेल, मलाही बसतो, पण माझ्या युक्तिवादातून तेच निघते. या उत्तराबद्दल डे यांना पुष्कळ बोल लावला गेला. आम्हांस मात्र त्यांच्याविषयी किंचित आदर वाटतो. आपला युक्तिवाद कोठे जातो हे त्यांनी लपविले नाही. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण, सोली सोराबजी आणि आमच्या सासवडचे वि. म. तारकुंडे यांनी न्यायालयाला तेच दाखविण्याचा प्रयत्न केला.

आता चौघांनी त्या टोकाचे काय केले ते पाहावे. सरन्यायाधीश राय यांनी म्हटले की ज्यांचा स्वतःवर आणि आपल्या देशावर विश्वास आहे ती माणसे राज्यकारभाराची अशी सैतानी चित्रे रंगवीत नाहीत. म्हणजे युक्तिवादाला उत्तर न देता युक्तिवाद करणाऱ्याच्या देशप्रेमावर बोट ठेवले. बेग यांनी लिहिले की स्थानबद्धांना चांगले ठेवले जाते, चांगले खाऊपिऊ घातले जाते आणि अधिकारी त्यांची जी काळजी वाहतात ती जवळजवळ आईच्या मायेची आहे. आईच्या मायेला न्यायालयाच्या कागदांत पुरावा काय होता, हे त्या वाक्यावरून कळत नाही. भगवती यांनी सांगितले की वैयक्तिक स्वातंत्र्य हे मानवजातीच्या अत्यंत प्रिय मूल्यांपैकी एक आहे आणि आपला कल नेहमीच त्याच्याकडे राहिला आहे. तथापि त्या प्रेमाने आपली दृष्टी झाकोळू देऊन घटनेच्या शब्दांतून न निघणारा अर्थ काढणे योग्य होणार नाही. हे वाक्य चौघांच्या लेखनात सर्वांत सुडौल आहे, आणि आमच्या मते सर्वांत घातक. प्रेमाची कबुली देऊन त्याग करणाऱ्या नायकाचा आविर्भाव त्यात आहे. फक्त त्याग केला तो दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याचा.

राहिले चंद्रचूड. पुण्याचे, नूतन मराठी विद्यालयाचे विद्यार्थी, पुढे सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश. त्यांच्याविषयी मराठी माणसाला अभिमान वाटतो तो अस्थानी नाही. त्यांनी लिहिले की वकिलामागून वकील भीती व्यक्त करतात की आणीबाणीत सरकार स्थानबद्धाला फटके मारील, नागवे करील, उपाशी ठेवील, आणि आम्ही असा निकाल दिला तर गोळीही घालील. अशा दुष्कृत्यांनी स्वतंत्र भारताचा लौकिक डागाळलेला नाही, आणि तसे कधीही घडणार नाही अशी हिऱ्यासारखी लखलखीत, हिऱ्यासारखी कठीण आशा आपल्या ठायी आहे.

उपाशी ठेवील. येथे सुब्बा राव यांचा दाखला परत भेटतो. १९६५ साली उपासमार हे युक्तिवादाचे टोक होते. ते टोक असह्य आहे म्हणून युक्तिवादच टाकावा लागला. १९७६ साली तेच टोक कोणाच्या तरी मनातील भीती झाले, आणि भीतीला उत्तर म्हणून आशा देता आली. सगळी कसरत या एका बदलात आहे. तर्काचा निष्कर्ष भावनेच्या खात्यात टाकला की त्याचे खंडन करावे लागत नाही, सांत्वन केले की पुरते. मग हिरा कामाला येतो. अलंकार वाईट म्हणून आम्ही हे म्हणत नाही. आपल्या संतकवींनी उपमेने जेवढे तत्त्वज्ञान सांगितले तेवढे शास्त्रकारांनी क्वचितच सांगितले असेल. परंतु उपमा उपमेयाला उजळते तेव्हा ती उपमा. येथे हिऱ्याचा झोत अशा जागी टाकला आहे की मागचे काही दिसू नये.

आणि मागे काय होते? केरळमधील अभियांत्रिकीचा विद्यार्थी राजन याला १ मार्च १९७६ रोजी पोलिसांनी नेले आणि कक्कयमच्या छावणीत छळ होऊन तो मेला. निकालाच्या सुमारे आठ आठवडे आधी. न्यायमूर्तींना हे ठाऊक असण्याचा संभव नव्हता, हे खरे. पण ठाऊक होण्याचा जो एकमेव सरकारी मार्ग होता, तो म्हणजे देहोपस्थितीचा अर्ज. राजनच्या वडिलांनी तो अर्ज केरळ उच्च न्यायालयात केला १९७७ साली, आणीबाणी उठल्यावर. तेव्हा सत्य बाहेर पडले आणि करुणाकरनांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले.

न्यायमूर्ती खन्नांचा निर्णय प्रथम वाचणाऱ्याची थोडी निराशा होते. त्यांच्याविषयी इतके ऐकलेले असते की आपण विजेच्या कडकडाटाची अपेक्षा करतो. निर्णय तसा नाही. लांब आहे, निवाड्यांच्या उताऱ्यांनी भरलेला आहे, काही पाने तर वकिलाखेरीज कोणी वाचू नयेत अशी. शैलीकार म्हणून चंद्रचूड त्यांच्यापेक्षा सरस होते याबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु या निर्णयात गद्याचा सूर एकदाही चढत नाही, आणि वाचत जाता तोच त्याचा गुण ठरतो. ते आरंभीच सांगतात की चौकशीवाचून बंदिवास ही गोष्ट स्वातंत्र्याची चाड असणाऱ्या सर्वांना असह्य आहे. लगेच पुढे प्रश्न नेमका करतात : राज्याच्या सुरक्षेला धोका असताना स्वातंत्र्याचा संकोच करता येतो की नाही, हा वाद नाही, तो करता येतो, न्यायालयाच्या मुखाने बोलणारा कायदा त्या धोक्यापायी सर्वस्वी मुका करता येतो काय, हा वाद आहे.

मग ते पायरीपायरीने चढतात. एकविसावा अनुच्छेद हे जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचे एकमेव कोठार नाही. तो अनुच्छेद घटनेत नसता तरीही कायद्याच्या आधारावाचून कोणाचा जीव वा स्वातंत्र्य घेण्याचा अधिकार राज्याला नसता. सुसंस्कृत समाजात कायद्याचे राज्य म्हणतात ते हेच. राष्ट्रपतींचा आदेश मूलभूत हक्कांपुरता आहे, मिसा कायदा पाळण्याच्या अधिकाऱ्यांच्या बंधनातून तो त्यांना सोडवीत नाही. ज्यांनी संझगिरी प्रकरण वाचले आहे त्यांना हा तोच विचार मोठ्या प्रमाणावर मांडलेला दिसेल. स्वातंत्र्य ही कायद्याची देणगी आहे असे राय यांच्या निर्णयाचे म्हणणे. खन्नांच्या लेखी ते देणगी होण्यापूर्वीच माणसाजवळ असते आणि कायदा फक्त ते घेण्याची रीत ठरवितो. 'प्रावधान नहीं है' लिहिणाऱ्या कारकुनाने आणि सरन्यायाधीशांनी एकच गृहीत धरलेले असावे, ही गोष्ट आम्हांस अजूनही अस्वस्थ करते.

खन्नांनी प्रिव्ही कौन्सिलचा १९३१ चा एलेको निवाडाही आधाराला घेतला आहे. नायजेरियातील एका प्रमुखाच्या त्या प्रकरणात लॉर्ड ॲटकिन यांनी म्हटले होते की न्यायालयापुढे कायदेशीरपणा सिद्ध करता आल्यावाचून शासनातील कोणालाही प्रजाजनाच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करता येत नाही. याला जोडून आम्ही आणखी एक आठवण करून देतो. १९४३ च्या एप्रिलात, युद्ध आणि 'चले जाव' दोन्ही भरात असताना, मुंबईच्या केशव तळपदे यांच्या अर्जावर सर मॉरिस ग्वायर यांच्या फेडरल कोर्टाने स्थानबद्धतेचा नियमच रद्द ठरविला होता. सरकारने वटहुकूम काढून तो पूर्वलक्षी प्रभावाने सावरला, हे निराळे. साम्राज्याच्या न्यायालयाने दार उघडे ठेवले होते, एवढे मात्र खरे.

शेवटी खन्ना अमेरिकेचे मुख्य न्यायाधीश ह्यूज यांच्या शब्दांचा आश्रय घेतात. केवळ दिखाऊ एकमतापेक्षा न्यायाधीशाचे स्वातंत्र्य मोलाचे. सर्वोच्च न्यायालयातील भिन्नमत हे कायद्याच्या चिंतनशील आत्म्याला आणि पुढे येणाऱ्या दिवसाच्या बुद्धीला केलेले आवाहन असते. समीक्षक म्हणून आमची एक तक्रार अशी की इतक्या कष्टाने स्वतःचे बोलल्यावर शेवट उसन्या शब्दांनी का करावा? कदाचित स्वभावाने संकोची माणसाला मोठे वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणवत नसेल. हरिद्वारला आपल्या बहिणीला त्यांनी सांगून ठेवले होते की तयार केलेल्या या निर्णयापायी सरन्यायाधीशपद जाईल, हे त्यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे. तसेच झाले. १९७७ च्या जानेवारीत बेग यांना सरन्यायाधीश केले आणि खन्नांनी राजीनामा दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या दालनात त्यांची तसबीर आहे.

खन्नांच्या गौरवात एक अन्याय मात्र होत आला आहे. एकाकी वीराची कथा सांगावयास सोपी, म्हणून आपण तीच सांगतो. परंतु खन्नांच्या आधी नऊ उच्च न्यायालयांतील न्यायाधीशांनी तेच म्हटले होते, आणि त्यांना तर सर्वोच्च न्यायालयाच्या प्रतिष्ठेचे कवचही नव्हते. १९७६ साली सोळा उच्च न्यायालयीन न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या प्रकरणात निर्णय देणाऱ्या दिल्लीच्या दोघा न्यायाधीशांपैकी रंगराजन यांना गुवाहाटीस पाठविले आणि अगरवाल यांना सत्र न्यायाधीशाच्या पदावर परत धाडले. बदलीचा अर्थ काय असतो हे शासनसेवकाच्या घरातील माणसांना समजावून सांगावयास नको.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने विसाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदांना आणीबाणीतही हात लावता येणार नाही असे झाले. भगवती आणि चंद्रचूड दोघेही पुढे एकविसाव्या अनुच्छेदाचे मोठे भाष्यकार ठरले. मनेका गांधी प्रकरणात भगवतींनी, मुंबईच्या पदपथवासीयांच्या १९८५ च्या प्रकरणात चंद्रचूडांनी जे लिहिले ते कोणी विसरू नये. भगवतींनी २०११ साली आपला जबलपूरचा निर्णय चुकला असे जाहीरपणे म्हटले. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्कासंबंधीच्या पुट्टस्वामी प्रकरणात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निर्णय रद्दबातल केला. बहुमतातील चौघांचेही निर्णय गंभीर दोषांनी युक्त होते असे त्या दिवशी लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय यशवंत चंद्रचूड.

पुत्राने पित्याचा निर्णय खोडला, याचे वृत्तपत्रांना साहजिकच अप्रूप वाटले. महाभारतातला प्रसंग शोभावा. आमच्या वाचनास मात्र ही नाट्यमयता थोडी आड येते. सर्व निर्णय मिळून ती पाचशेहून अधिक पाने चाळली तर जबलपूरवरील विवेचन सुरेख आहे, खन्नांना दिलेले श्रेय निःसंकोच आहे. पण चारही निर्णय 'सदोष' का झाले, कोणत्या वाक्यापाशी विचाराने हात टेकले, याचे पृथक्करण जितके व्हावयास हवे होते तितके झालेले नाही. चौघे भ्यायले होते असे म्हणणे सोपे आहे, आणि तसे पुष्कळांनी म्हटले आहे. आम्हांस ते अपुरे वाटते. भीती अंतःकरणात असते, तिचा पुरावा देता येत नाही. वाक्ये कागदावर आहेत. ती तपासली तर दिसते की विद्वान, सुसंस्कृत, स्वातंत्र्यावर खरोखर प्रेम करणारी माणसे आपल्याच सुंदर वाक्याच्या आड लपली. बदनाम शब्द खोडले जातात. सुंदर वाक्याची सवय तशीच राहते. शिवाय खोडण्याचे काम जेव्हा झाले तेव्हा एकेचाळीस वर्षे उलटली होती.

आणि सर्व खोडले गेले आहे असेही नाही. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेवर सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाविना ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली होती आणि त्या मंडळाची रचनाही अधिक कडक केली होती. हे कलम कोणत्या तारखेपासून अमलात आणावयाचे ते ठरविणे केंद्र सरकारवर सोपविले होते. १९७८ पासून सर्व पक्षांची सरकारे येऊन गेली, त्यांत मिसाखाली स्वतः तुरुंगात गेलेल्यांचीही सरकारे होती. अधिसूचना निघालेली नाही. आमच्या राज्यात २००८ साली मिसाबंदींसाठी सन्माननिधीची योजना सुरू झाली. सन्मानास आमचा विरोध नाही. तिसऱ्या कलमाची चौकशी मात्र त्या सत्कारसभांतून कोणी केल्याचे आम्ही ऐकले नाही.

खन्नांच्या निर्णयाचा निवडक भाग मराठीत यावा असे आम्हांस फार दिवसांपासून वाटते. संझगिरींच्या प्रकरणाचा तर पूर्णच यावा, तो थोड्या पानांचा आहे. मंडळाच्या सभासदांत वकिली केलेले आणि मराठी लिहिणारे दोन्ही प्रकारचे लोक आहेत. कोणी पुढे आल्यास आम्ही हाताखाली काम करू. खन्नांची पहिली काही पाने आम्ही स्वतः उतरवून पाहिली आहेत. अडचण दुसऱ्या तिसऱ्या ओळीपासूनच येते. चौकशीवाचून बंदिवासाला त्यांनी 'ॲनॅथेमा' म्हटले आहे. 'तिटकारा' फार घरगुती वाटतो, 'असह्य' फार सौम्य. जुन्या मराठीत 'अब्रह्मण्यम्' हा शब्द अगदी या जागेचा होता, पण तो आता थट्टेतच वापरला जातो, आणि न्यायमूर्ती खन्ना थट्टा करीत नव्हते. सध्या आम्ही तेथे 'निषिद्ध' असे लिहून समासात प्रश्नचिन्ह करून ठेवले आहे.